उंदीरखाऊचा डावा कान

गेस्तोनी जेरेला डाव्या कानाने ऐकू येत नाही, ही गोष्ट बोनिफेस कासोंदे लुआंग्वा नदीकाठच्या अभयारण्यातल्या पर्यटक-तळावर रोज सकाळी ओरडून सांगत असे, आणि म्हणूनच ती कोणाला ठाऊक नव्हती.

कारण गेस्तोनी होता न्गोनी आणि बोनिफेस बेम्बा. या दोन जमातींनी पणजोबांच्या काळात एकमेकांना भाल्यांनी भोसकलं. भाले आणि पणजोबा दोन्ही संपत आले तेव्हा असं ठरलं, की यापुढे फक्त जिभेने भोसकायचं. तेव्हापासून हे थट्टेचे भाऊबंद. भेटेल तिथे एकमेकांचा उद्धार करायचा आणि रागवायचं नाही. जो रागावेल त्याने कोंबडी द्यायची. न्गोनीने बेम्ब्याला माकडखाऊ म्हणायचं, बेम्ब्याने न्गोनीला उंदीरखाऊ. (भाजलेला रानउंदीर गेस्तोनीला खरोखरच जीव की प्राण होता, पण सत्यामुळे शिवीची गोडी कमी होत नाही.) ही थट्टा मसणातही सुटत नाही. न्गोनी मेला की त्याचा बेम्बा भाऊ आधी खड्ड्यात उतरून आडवा होतो, आणि कोंबडी मिळेपर्यंत वर येत नाही. गेस्तोनीच्या खड्ड्यातली जागा बोनिफेसने केव्हाचीच राखून ठेवली होती. अधूनमधून तो गेस्तोनीची उंची नजरेने मोजायचा. "अजून थोडा वाळलास तर बरं, मला पाय पसरता येतील," म्हणायचा.

दोघांची नोकरी एकाच रांगेत. पाहुण्यांना अभयारण्यात पायी फिरवायला न्यायचं, तर सगळ्यात पुढे बंदूक घेऊन गेस्तोनी. त्याच्यामागे वाट दाखवणारी तरुण तामांडानी, मग पाहुणे, आणि शेवटी टोपलीत किटली, टिनचे कप आणि केक घेऊन बोनिफेस. टोपलीतले कप इतरांसाठी, बोनिफेसचा स्वतःचा कप कमरेच्या पट्ट्याला लटकलेला. 'पुढे बंदूक, मागे चहा' या व्यवस्थेत पुढचं टोक जास्त महत्त्वाचं आहे असं गेस्तोनीचं मत होतं. बोनिफेस म्हणायचा, "बंदूक तू इतक्या वर्षांत एकदा तरी उडवलीस का? चहा मी रोज उकळतो."

गेस्तोनीला त्या पुढच्या टोकाचा अभिमान होता आणि त्याला कारण होतं. तो रक्षक म्हणून लागला ते वर्ष वाईट होतं, आणि पुढची त्याहून वाईट. डोंगरापलीकडून चोरट्या शिकाऱ्यांच्या टोळ्या यायच्या, खांद्यावर लष्करी बंदुका. हत्ती असे पडायचे, की गिधाडांना खाऊन खाऊन उडता येईना. गेंडे तर खोऱ्यात म्हशींसारखे होते. गेस्तोनीने नोकरीच्या पहिल्या वर्षी ते कळपाने पाहिले, पुढे एकटादुकटा, मग चिखलात नुसता पायाचा ठसा, आणि मग ठसाही नाही. मुख्य कचेरीमागच्या पडवीत हत्ती-गेंड्यांच्या कवट्यांचा ढीग लागला होता. नव्या रक्षकांना तिथेच शपथ द्यायचे, म्हणजे वेगळं भाषण करावं लागत नसे.

त्याच वर्षांत एकदा झुडपात दबा धरून बसले असताना शेजारच्या गड्याने गेस्तोनीच्या डाव्या कानाशी बंदूक उडवली. टोळी पळाली. कानात शिट्टी सुरू झाली ती पुढे कित्येक वर्षं वाजत राहिली. दोन पावसाळ्यांपूर्वी ती एकदाची थांबली, तेव्हा गेस्तोनीला बरंच वाटलं. शिट्टीबरोबर बाकीचं जगही थांबलंय हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

बोनिफेसच्या मात्र लगेच लक्षात आलं. एका सकाळी त्याने गेस्तोनीच्या डाव्या बाजूने जाताना त्याच्या सासूविषयी एक वाक्य टाकलं. आठवडाभर घोटून तयार केलेलं, उत्तम वाक्य होतं ते. उत्तर आलं नाही. बोनिफेसला वाटलं, हा रागावला, कोंबडी मिळाली! पुन्हा म्हणाला. गेस्तोनी आपला नदीकडे पाहत दात कोरतोय. बोनिफेस उजवीकडून गेला आणि तेच वाक्य अर्ध्या आवाजात म्हणाला, तेव्हा मात्र गेस्तोनीने बोनिफेसच्या तीन पिढ्यांचा हिशेब केला. बोनिफेस हसला. पण ते हसू फार टिकलं नाही, कारण रांगेत तोही होता.

"तळाच्या साहेबांना सांग," संध्याकाळी न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा सुकटीच्या कालवणात बुडवत बोनिफेस म्हणाला.

"काय सांगू? बेम्बा माझ्या कानाची चौकशी करतोय म्हणून?"

"हत्ती डावीकडून आला तर?"

"मग तुझ्याकडे पाठवीन. माकडं खाणारा दिसला की तो माझ्याकडे बघणारही नाही."

विषय तिथेच संपला. पुढची जागा गेली की काय मिळतं हे दोघांनाही माहीत होतं. फाटकावरची दांडी. गाडी आली की वर करायची, गेली की खाली. ज्याच्या रांगेतल्या माणसाला आजवर ओरखडा आला नाही, त्याने दांडी खालीवर करत निवृत्तीची वाट बघायची! गेस्तोनी झोपेतसुद्धा उजव्या कुशीवर वळायचा नाही, न जाणो चांगला कान उशीत जायचा. वार्षिक तपासणीत डॉक्टर समोर उभे राहून "ऐकू येतं ना?" विचारायचे, आणि हा त्यांच्या ओठांकडे बघून "खणखणीत!" म्हणायचा.

मग बोनिफेसने जाहीर सांगायला सुरुवात केली. "उंदीरखाऊ बहिरा झालाय! डाव्या कानात उंदीर शिरलाय, आपल्या नातेवाइकाचा सूड घ्यायला!" सगळा तळ पोट धरून हसायचा. स्वयंपाकी हसायचा, साहेब हसायचे. तामांडानी म्हणायची, "बोनीकाका, आज नवीन काढलंत!" थट्टेच्या भावाचं खरं कोण मानतो? बोनिफेस जितक्या कळवळून सांगे, तितकं ते जास्त मजेदार होई.

शेवटी त्याने एक मूर्खपणा केला. रानात चालताना तो मागून हळूच म्हणू लागला, "डावीकडे हत्ती, रे न्गोनी!" हत्ती नसायचा. गेस्तोनी ढिम्म चालत राही, आणि बोनिफेस तामांडानीला खुणेने सांगे, बघ, ऐकू आलं नाही. तामांडानीला त्यात एवढंच दिसे, की न्गोनीने बेम्ब्याला भीक घातली नाही.

ऑक्टोबरातली ती सकाळ अशी होती, की सूर्य उगवतानाच चिडलेला होता. पाऊस अजून लांब. नदी आटून पाणघोडे एकमेकांच्या अंगावर पडलेले, आणि आठवडाभर एक हत्तीण पिल्लाला घेऊन तळाच्या आसपास फिरत होती. तिला सुळे नव्हते. खोऱ्यात अशा हत्तिणी बऱ्याच आहेत. टोळ्यांनी सुळेवाल्या मारल्या, बिनसुळ्यांच्या उरल्या, आणि त्यांच्या पोटी बिनसुळ्यांच्या लेकी आल्या. सुळे नसले की हत्तीण स्वभाव वापरते. सुळेवाली आधी कान पसरून, धूळ उडवून, दोनदा खोटं धावून तुम्हाला विचार करायला वेळ देते. बिनसुळ्यांची तसले उपचार पाळत नाही.

रांगेत चार पाहुणे होते. लुसाकाचे एक बँकवाले आणि त्यांची बायको, आणि डेन्मार्कच्या दोन म्हाताऱ्या बहिणी, दोघी सारख्या टोप्यांच्या. बँकवाले स्वतः बेम्बा. त्यामुळे निघण्यापूर्वीच त्यांनी बोनिफेसची बाजू घेतली.

"न्गोनी पुढे चालणार? म्हणजे वाटेत उंदीर दिसला की आपण सगळे थांबणार!"

"साहेब, तुम्ही घाबरू नका," गेस्तोनी म्हणाला, "माकडं दिसली की तुम्हा दोघांना आधी जेवायला सोडीन."

सगळे हसत निघाले. वाटेत बोनिफेसने दोनदा डावीकडचा हत्ती काढला. दुसऱ्या वेळी एका डॅनिश बहिणीने दचकून दुसरीचा हात इतका घट्ट धरला, की तामांडानी मागे वळली.

"बोनीकाका, आणखी एकदा केलंत तर तुम्हाला इथूनच परत पाठवीन. पाहुणे घाबरतात. ही थट्टेची जागा नाही."

"पोरी, मी थट्टा—"

"पुरे म्हटलं ना!"

बँकवाले खुसखुसले. बोनिफेसने टोपली दुसऱ्या हातात घेतली.

पुढे वाट सुकलेल्या डबक्याच्या कडेने जाते. उजवीकडे भेगाळलेला चिखल, डावीकडे दाट झुडूप, आणि पायाखाली मोपानीच्या झाडांची वाळकी पानं पापडासारखी मोडतात. सात जणांच्या पायांचा तो चुरचुराट, त्यात बँकवाल्यांचे नवे बूट. ते तामांडानीला हळू आवाजात गेंड्यांबद्दल विचारत होते, आणि ती हळू आवाजात सांगत होती, की इथे आता एकही नाही. ऐकायचं काम पुढच्याचं. तो मधूनमधून थांबतो, मान तिरकी करतो, हात वर करतो. गेस्तोनी थांबत होता, मानही तिरकी करत होता. पण मान तिरकी करून तो उजवा कान वर करत होता, आणि उजवीकडे नुसता चिखल होता.

बोनिफेस चपलेतला काटा काढायला थांबला, म्हणून त्याच्याभोवती क्षणभर शांतता झाली. त्या शांततेत त्याला ते ऐकू आलं. रिकाम्या पिंपातून कोणी घरघरावं तसा खोल आवाज. हत्तीच्या पोटातला. आणि त्यामागून एक बारीक, किरकिरा आवाज, हट्टी पोरासारखा. पिल्लू! डावीकडे, थोडं पुढे, वाट जिथे झुडपाला चिकटते तिथे. वारा समोरून येत होता. तिला माणसांचा वास लागलेला नव्हता आणि गेस्तोनी सरळ तिच्या अंगावर चालला होता.

बोनिफेसने थांबायची शीळ घातली. तामांडानीने मागे न बघता एक बोट हलवलं. खबरदार.

त्याने टोपली खाली ठेवली. किटली कलंडली, ती त्याने सावरली नाही. रांगेच्या बाजूने तो जवळजवळ धावत पुढे आला, आणि चहावाल्याने जागा सोडून पुढे यायचं नाही हा नियम मोडून तामांडानीसमोर उभा राहिला.

"पोरी, डावीकडे हत्तीण आहे. बरोबर पिल्लू."

"बोनीकाका, तुम्हाला मी काय सांगितलं?" ती दातओठ खात म्हणाली.

"बेम्बा काका, आता तुमच्याकडूनच कोंबडी घ्यायला लागणार," बँकवाले हसत म्हणाले.

बोनिफेसने त्यांच्याकडे पाहिलं. मग तामांडानीकडे. आयुष्यभर याच तोंडाने थट्टा केलेली, आता त्यातून खरं बाहेर काढायचं कसं? मग तो भर वाटेत, वाळक्या पानांवर, दोन्ही गुडघे टेकून बसला. मान खाली घातली आणि दोन्ही तळवे पोकळ करून जोडले, मुखियापुढे बसतात तसा.

बँकवाल्यांचं हसू तोंडातच राहिलं. न्गोनीची थट्टा करणारा बेम्बा असा गुडघ्यावर? मुखियापुढे बसतात असं, सासऱ्यापुढे बसतात, मेलेल्याच्या दारात बसतात. थट्टेच्या भावाविषयी बोलताना असं कोणी बसत नाही.

तामांडानीचा हात आपोआप वर गेला. पाहुणे जागच्या जागी थिजले. पानं मोडायची थांबली, आणि मग ती घरघर सगळ्यांना ऐकू आली.

सगळ्यांना, फक्त गेस्तोनीला नाही. तो वळणाकडे चालतच होता. तामांडानीने दबकी शीळ घातली. ती वाऱ्याने तिच्याच तोंडावर फेकली. ओरडावं तर हत्तीण उठणार. त्याच्या आणि झुडपाच्या मधे आता एका अंगणाएवढी जागा उरली होती.

बोनिफेसने पट्ट्याचा कप ओढून काढला आणि गुडघ्यांवरूनच वळून भिरकावला. मिशन शाळेत तो फुटबॉलच्या संघात गोलरक्षक होता, आणि त्याने अडवलेला एकही चेंडू कोणाला आठवत नाही. पण तो कप हवेत दोन गिरक्या घेऊन थेट गेस्तोनीच्या पाठीत बसला.

गेस्तोनी गर्रकन वळला. तोंड उघडलेलं, त्यात बेम्ब्यांच्या सात पिढ्या तयार. आणि त्याला दिसलं, की दूर मागे, वाटेच्या मधोमध, बोनिफेस गुडघ्यावर बसलाय, पुन्हा हात जोडलेत, आणि तो हसत नाही.

सात पिढ्या घशातच राहिल्या. गेस्तोनीला एकदम सगळं कळलं. ऐकू काहीच आलं नव्हतं, तरी कळलं. तो अगदी हळू डावीकडच्या त्या झुडपाकडे वळला.

झुडपातली एक सावली सावली नव्हती. तिला पापण्या होत्या, लांब, धुळकट. त्याखाली सुळ्यांच्या जागी नुसती कातडी. ती त्याच्याकडे बघत होती, आणि कधीपासून बघत होती कोण जाणे. तेवढ्यात त्याच्या उजव्या कानाला, त्या चांगल्या कानाला, किरकिर ऐकू आली. तो मागे वळलेला असताना पिल्लू वाट ओलांडून चिखलात उतरलं होतं.

म्हणजे तो आई आणि पिल्लाच्या मधे उभा होता.

बंदूक खांद्याला लागली, ती त्याने लावली असं त्याला आठवत नाही. नळी तिच्या कपाळावर होती. इतक्या जवळून नेम चुकायचा नाही. या खोऱ्यातल्या कवट्यांच्या ढिगात आणखी एक कवटी जाईल, आणि बाजूला ते पोर किरकिरत राहील. पाठीमागे चार पाहुणे, एक पोरगी आणि एक बेम्बा. बोट चापावर होतं. चाप ओढायला लागू नये म्हणून जे करायचं असतं ते त्याला ठाऊक होतं. मग त्याने वाटेवरूनच, रांगेच्या दिशेने, हळूच एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. आणि बोलायचं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "जा. तुझं पोर तिकडे आहे. माझं लक्ष नव्हतं, बाई. चूक माझी."

ती बाहेर आली. तोंडावर धुळीचा लोट आला. तिने कान पसरले नाहीत, ओरडली नाही. नुसती आली. गेस्तोनीने तिसरं पाऊल मागे घेतलं, चौथं. मागे वाटेवर झुकलेल्या फांदीला पाठ टेकली. आता मधली वाट मोकळी होती. ती जिथे काही वेळापूर्वी तो उभा होता तिथे येऊन थांबली आणि सोंड त्याच्या दिशेने लांब केली. त्याच्या बुटांवरची धूळ तिच्या श्वासाने उडाली. मागे एका डॅनिश बहिणीने डोळे मिटले आणि दुसरीने तिचा हात धरला.

पिल्लू पुन्हा किरकिरलं. हत्तिणीने मान वळवली. मग चिखलात उतरली, पोराला सोंडेने ढोसलं, आणि दोघं पलीकडच्या झाडीत निघून गेली. चिखलात उतरताना तिचा मागचा पाय वाटेवरच्या कपावर पडला होता. कपाची भाकरी झाली.

चहा चिंचेखाली झाला. त्या चिंचेखाली पूर्वी बोनिफेसच्या आजोबांची झोपडी होती. अभयारण्य झालं तेव्हा सगळा गाव नदीपलीकडे हलवला. रोज इथे आलं की बोनिफेस म्हणायचा, "उंदीरखाऊ, माझ्या आजोबांच्या चुलीवर बसलायस, ऊठ." आज तो थेट टोपलीकडे वळला. त्याने कप वाटले. स्वतःला कप नव्हता. गेस्तोनीने आपला कप त्याच्यापुढे केला, आणि बोनिफेसने तो दोन्ही हातांनी, मान लववून घेतला. हे इतकं भयंकर होतं, की बँकवाल्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

"असा वागू नकोस," गेस्तोनी म्हणाला.

"कसा?"

"माणसासारखा. मी मेलोय का?"

"थोडक्यात राहिलं," बोनिफेस म्हणाला, पण त्यात चव नव्हती.

तामांडानीने दोघांकडे पाहिलं. "गेस्तोनीकाका, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?" ती त्याच्या डावीकडे बसली होती. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

तळावर पोचल्यावर गेस्तोनी कोणी बोलावण्याआधीच साहेबांकडे गेला. बंदूक टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "डाव्या कानाने ऐकू येत नाही." साहेब हसले. "आता तूही सुरू केलंस का? ते बोनिफेसचं काम!" मग गेस्तोनी त्यांच्याकडे डावी बाजू करून उभा राहिला आणि म्हणाला, "काहीतरी विचारा." साहेबांनी विचारलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत उभाच राहिला. साहेबांनी आणखी मोठ्याने विचारलं. मग ते उठले, दार लावलं, आणि त्यांनी बंदूक स्वतःच्या हाताने कपाटात ठेवली.

दांडी मिळाली. पण शाळांच्या गाड्या फाटकावर खोळंबतात, आणि पोरांना काहीतरी ऐकायला लागतं. गेस्तोनीने एकदा त्यांना गिधाडांची गोष्ट सांगितली, मग गेंड्यांची, मग भाकरी झालेल्या कपाची. तो कप तारेने फाटकाला टांगलेला आहे. आता मास्तर लोक मुद्दाम लवकर येतात. या कामाला ऐकू यायची गरज नसते, नुसतं बोलायचं असतं, आणि ते गेस्तोनी आयुष्यभर फुकट करत होता.

रांगेत पुढे आता कुंडा जमातीचा एक रक्षक आहे, तीक्ष्ण कानांचा, भला माणूस. बोनिफेसचं त्याच्याशी थट्टेचं नातं नाही, त्यामुळे सगळी वाट सभ्यपणे चालावी लागते. त्यात तो खंगत चाललाय.

ते गुडघे टेकणं मात्र दोघांच्याही मनातून जाईना. पहिला आठवडा बोनिफेस फाटकावरून जाताना टोपी काढून "नमस्कार, जेरे" म्हणायचा, आणि गेस्तोनीला तो दिवस कडू जायचा. आठव्या की नवव्या सकाळी गेस्तोनीचा धीर सुटला.

"ए, कासोंदे!" तो दांडी अर्ध्यावर धरून ओरडला. "त्या दिवशी पानांवर काय शोधत होतास रे गुडघे टेकून? माकडाचं शेपूट सांडलं होतं?"

बोनिफेस थांबला. टोपी डोक्यावर घातली. टोपली खाली ठेवली. सावकाश चालत गेस्तोनीच्या डाव्या बाजूला आला आणि त्या मेलेल्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ, हातवारे करून, काहीतरी बोलला. गाडीतली पोरं खिडक्यांतून बघत होती. एका मास्तरीणबाईंनी दोघा मुलांच्या कानांवर हात ठेवले.

बोलणं संपल्यावर गेस्तोनी शांतपणे म्हणाला, "तुझ्या आजीलाही मी तेच सांगितलं होतं. नवा कप हवा असेल तर उद्या कोंबडी घेऊन ये."

तामांडानी रांग घेऊन निघाली होती. तिला राहवलं नाही. उजवीकडून जाऊन तिने विचारलं, "काका, बोनीकाका काय बोलले ते तुम्हाला कळलं कसं?"

"त्यात कळायचंय काय?" गेस्तोनी दांडी वर करत म्हणाला. "इतकी वर्षं एकच तर बोलतोय."